मेजर परवडला, नाईक नको

सहदेव दळवी आमच्या चंद्रमौळी हाइट्समध्ये राहायला आले आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मेजर झाले. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. दोष असलाच तर त्यांच्या पाठीच्या कण्याचा. टेम्पोतून कपाट उतरत असताना ते बाजूला जसे उभे होते, तसं आमच्या सोसायटीत कोणी राष्ट्रगीतालाही उभं राहत नाही.

चंद्रमौळी हाइट्स मुलुंड पूर्वेला आहे, हायवेवरचे हॉर्न ऐकू येतील पण गाड्या दिसणार नाहीत इतक्या अंतरावर. चंद्रमौळी म्हणजे ज्याच्या छपरातून चांदणं दिसतं ते खोपट, हे बिल्डरला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली आणि नाव सार्थ झालं. या इमारतीचं दुसरं वैशिष्ट्य असं की इथे कोणीच खालच्या पदावरून निवृत्त झालेलं नाही. बँकेतला माणूस ‘मोठ्या पोस्टवर’ होता, मंत्रालयातला माणूस ‘फाइल ज्याच्या सहीशिवाय हलत नसे तो’ होता. दातांच्या डॉक्टरकडे पेशंटचे नंबर लावणारे गृहस्थसुद्धा ‘मेडिकल लाइनमध्ये’ होते. अशा इमारतीत लष्करातून आलेला माणूस मेजरच्या खाली असणं शक्यच नव्हतं.

आमचे सेक्रेटरी नंदकिशोर आठल्ये पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, “आर्मी का?” दळवी होय म्हणाले. आठल्यांना तेवढं पुरलं. त्यांनी लगेच मागे वळून खजिनदार राजेश भाटवडेकरांना सांगितलं की सातशे दोनमध्ये मेजर आलेत. राजेशने पहिल्या मजल्यावर सांगितलं, आणि पहिल्या मजल्यावर सांगितलेली गोष्ट आमच्याकडे लिफ्टच्या आधी गच्चीवर पोचते.

दळवींनी तिथल्या तिथे खुलासा केला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यावरून बरंच बोललं गेलं.

“मेजर नाय ओ साहेब. मी नाईक. दोन फिती.” असं म्हणून त्यांनी उजव्या दंडावर दोन बोटं ओढून दाखवली.

आठल्ये कौतुकाने हसले. मोठी माणसं किती साधी असतात, असं ते घरी जाऊन बायकोला म्हणाले.

त्यानंतर दळवी जितक्या वेळा नाही म्हणाले तितक्या वेळा त्यांचा साधेपणा वाढत गेला. लिफ्टमध्ये म्हणाले, जिन्यात म्हणाले, गणपतीच्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले. प्रत्येक वेळी लोक एकमेकांकडे बघून मान डोलवत. सौ. जयंती आठल्ये यांनी तर महिला मंडळात सांगितलं की सैन्यातल्या अधिकाऱ्यांना आपला हुद्दा सांगायला सरकारची मनाई असते. हे त्यांना कोणी सांगितलं ते विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

नाईक म्हणजे काय ते आता सांगतो. शिपायाच्या वर लान्स नाईक, त्याची एक फीत. त्याच्या वर नाईक, दोन फिती. त्याच्या वर हवालदार, तीन. दहा जणांच्या टोळीचा प्रमुख हवालदार असतो आणि त्याच्या पाठीशी नाईक. म्हणजे ज्यांना हुकूम सोडता येतो त्यांच्यात हा जवळजवळ शेवटचा, आणि ज्यांच्यावर हुकूम सुटतो त्यांच्यात बराच पुढचा. वरून आलेली गोष्ट खाली आपटण्याआधी ज्याच्या डोक्यावर पडते तो नाईक. लग्नघरात आचारी आणि यजमान यांच्यामध्ये एक मामा उभा असतो ना, तसा.

या दोन फिती दळवींनी दोनदा मिळवल्या होत्या. सावंतवाडीच्या पलीकडच्या गावचा हा माणूस, वडील गिरणीत, बालपण विक्रोळीच्या चाळीत. भरतीला गेला तो केवळ थोरल्या भावाला सोबत म्हणून. भाऊ छातीत कमी पडला आणि हे घेतले गेले. शिपाई झाले, लान्स नाईक झाले, नाईक झाले. मग उत्तरेत कुठेतरी पोस्टिंग असताना मेसमधल्या स्वयंपाक्याने मोहरीच्या तेलात नदीचा मासा केला. दळवींनी दोन दिवस सहन केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं उचललं आणि स्वयंपाक्यासकट बाहेर ठेवलं. कंपनी कमांडर बंगालचे होते. दोन्ही फिती गेल्या.

त्या परत मिळवायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. मग हवालदारकीसाठी परीक्षा आली. परेड पास, हत्यार पास, नकाशावाचन नापास. नकाशा बघून टोळीला एका टेकडीवर न्यायचं होतं. दळवींनी टोळी अगदी शिस्तीत नेली, एकही माणूस मागे राहिला नाही, फक्त टेकडी दुसरी होती. तिथल्या गावकऱ्यांनी सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या वेळीही तसंच झालं, फक्त चहाऐवजी ताक होतं. मग नाईक म्हणूनच पेन्शन घेऊन ते घरी आले. मुलगा सिद्धेश ऐरोलीला कंपनीत लागला, त्याने कर्ज काढून आमच्याकडे फ्लॅट घेतला, आणि आईवडिलांना इथे आणलं.

तर असं हे पद. मासा रुचला नाही म्हणून गेलेलं, पुन्हा घासून मिळवलेलं. त्यांच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. फ्लॅट मुलाचा, गावची जमीन भावाची आणि घर बायकोच्या ताब्यात. ते पद चंद्रमौळीने पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून काढून घेतलं आणि बदल्यात मोठं दिलं. दळवींची तक्रार हीच होती. जिना चढून दमलेल्या माणसाला कोणी उचलून गच्चीवर ठेवलं तर तो खूश होतोच असं नाही.

बायको अनुपमावहिनी मात्र व्यवहारी. “तुमका कोण मेजर म्हणता तर म्हणू द्या,” त्या म्हणायच्या. “घरात मेजर मीच आसंय.”

सोसायटीला मेजरचा उपयोगही फार झाला. पाण्याचा टँकरवाला ऐकेना तेव्हा आठल्ये दळवींना घेऊन गेले. दळवी नुसते उभे राहिले. टँकर वेळेवर येऊ लागला. शेजारच्या सोसायटीशी भिंतीवरून वाद झाला, तिथेही त्यांना उभं केलं. आठल्ये त्यांना कुठे कुठे उभं करतील याचा नेम राहिला नाही. कार्यक्रमात पहिल्या रांगेत मधली खुर्ची त्यांची ठरली. दुसऱ्या गणपतीत निवेदन करणाऱ्या बाळा कुडवांनी उत्साहाच्या भरात त्यांना कर्नल केलं. पलटणीत सगळी नोकरी घालवून दोन फिती आणि चंद्रमौळीत दोन गणपतींत कर्नल. हा वेग बघून दळवी घाबरले. असंच चाललं तर पुढच्या वर्षी दिल्लीला बोलावतील, असं ते वहिनींना म्हणाले.

मग आठल्यांच्या मुलीचं, गंधालीचं लग्न ठरलं. मुलगा सैन्यात, कॅप्टन निलेश रानडे, डोंबिवलीचा. साखरपुडा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच झाला. आठल्यांना दोन गोष्टींचा आनंद झाला होता. एक म्हणजे जावई कॅप्टन, आणि दुसरी म्हणजे जावई कॅप्टनच. आपल्याकडे कर्नल तयार होता. व्याह्यांसमोर आपली बाजू तीन पायऱ्या वर राहील असा त्यांचा हिशेब होता.

जेवणं सुरू झाली तेव्हा आठल्ये जावयाला हाताला धरून पहिल्या रांगेशी घेऊन आले. दळवींच्या डाव्या हातात ताट होतं, ताटात बासुंदीची वाटी.

“हे आमचे कर्नल दळवी,” आठल्ये म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

कॅप्टन निलेशने टाचा जुळवल्या. ताठ झाला. “गुड इव्हिनिंग, सर,” म्हणाला.

आजवर मेजर म्हणणारे सगळे सिव्हिलियन होते. त्यांचं म्हणणं दळवींनी पावसासारखं अंगावर घेतलं होतं. पण एका खऱ्या अधिकाऱ्याने आपल्याला सर म्हणावं, आणि आपण बासुंदी खात बसून राहावं, हे त्यांच्या कण्याला सोसणारं नव्हतं. ते उठले नाहीत, आपोआप उभे राहिले. वाटी ताटातून निघून शेजारी बसलेल्या राजेश भाटवडेकरांच्या मांडीवर गेली.

“नाईक सहदेव दळवी, साहेब. पेन्शनर.”

हे त्यांनी परेडच्या मैदानावर सांगावं त्या आवाजात सांगितलं. सनईची कॅसेट चालू होती तीसुद्धा कोणीतरी बंद केली. शेवटच्या रांगेत पुरणाचा विचार करत बसलेल्या आजींनाही कळलं की दळवी नाईक आहेत.

कॅप्टन हसला आणि पुढे होऊन त्याने त्यांचा हात हातात घेतला. कुठली पलटण, कुठली कंपनी, अमुक सुभेदारसाहेब होते का, अशा चौकशा सुरू झाल्या. दोघं हिंदीत बोलत होते, मधेच मराठीत येत होते. जावई सासरची मंडळी सोडून दळवींच्या पंगतीला जाऊन बसला. जयंतीबाईंना ते दिसलं, पण त्यांना दुसरीच घाई होती. त्यांनी जावयाला गाठून हळूच विचारलं की नाईक म्हणजे नक्की कुठे येतं. त्याने खालून मोजून दाखवलं. जयंतीबाईंनी स्वतःच्या बोटांवर मोजलं आणि मधल्या बोटाशी थांबल्या.

“म्हणजे तळमजला, पहिला, दुसरा. आणि कर्नल?”

“कर्नल टेरेसवर, काकू,” कॅप्टन म्हणाला. मग तो असंही म्हणाला की आम्ही फक्त सांगतो, करून घेतो तो नाईक; माझ्या कंपनीतले नाईक काढून घेतले तर मला सकाळचा चहासुद्धा मिळणार नाही. पण हे कोणी ऐकलं नाही. तोपर्यंत बातमी बासुंदीबरोबर हॉलभर फिरत होती.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत एकच सूर होता: फसवणूक झाली. जो माणूस आल्या दिवसापासून दंडावर बोटं ओढून ओढून सांगत होता, त्याने ही गोष्ट लपवली असं सगळ्यांचं मत पडलं. त्याने सांगितलं होतं, असं कोणीतरी म्हणून पाहिलं. त्यावर राजेशचं उत्तर असं की सांगितलं, पण ठासून नाही सांगितलं. राजेशची पँट ड्रायक्लीनला गेली होती, त्यामुळे त्याचं मत थोडं कडक होतं.

पहिल्या रांगेतली खुर्ची गेली. पूर्वी दळवी येताना दिसले की लोक लिफ्ट धरून ठेवत. आता आतली बोटं बटणाकडे जात. ‘मेजर’ गेलं, ‘साहेब’ गेलं, ‘दळवी’ राहिलं. दळवींना याचं फार दुःख झालेलं दिसलं नाही. त्यांना वाटत होतं की आता तरी लोक नाईक म्हणतील. पण नाईकही कोणी म्हणेना. ते पद उच्चारलं तर ते आपल्या इमारतीत राहतं हे कबूल करावं लागणार होतं.

त्याच सुमाराला आमचे दोन्ही वॉचमन ठाण्याच्या एका टॉवरमध्ये गेले. तिथे त्यांना एसी केबिन होती. कमिटीची तातडीची मीटिंग बसली, आणि आठल्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्याचं तेज आलं. आपला घरचाच माणूस आहे की, ते म्हणाले. सगळ्यांना इतकं पटलं की अनुमोदन द्यायलाही कोणी थांबलं नाही. मेजर असताना जो ध्वजवंदनाला प्रमुख पाहुणा म्हणून शोभत होता, तोच माणूस, तीच मिशी, तोच कणा, नाईक झाल्याबरोबर गेटवर शोभू लागला.

आठल्ये सातशे दोनमध्ये गेले. अनुपमावहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं. विषय कळल्यावर त्यांनी ते गॅसवरून उतरवलं. सिद्धेश तर भडकलाच. “पप्पा, काय गरज आहे? लोकांच्या गाड्यांना गेट उघडणार तुम्ही?” दळवींनी आठल्यांना उद्या सांगतो म्हणून वाटेला लावलं.

सिद्धेश आत गेल्यावर वहिनींनी विषय काढला. त्या चिडल्या की शुद्ध मालवणीत जातात. काल पुढच्या खुर्चेर बसयले, आज गेटार उभे करतत, लाज नाय वाटणा मेल्यांका, असं बरंच झालं. दळवींनी ते सगळं ऐकून घेतलं.

“त्या खुर्चेर मेजर बसलेलो गो,” ते म्हणाले. “मी खंय बसलंय? गेटार निदान मी उभो रवतलंय.”

वहिनी ओट्याकडे वळल्या. मग त्यांनी आधण परत गॅसवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दळवी कमिटीसमोर गेले. मानधनाचा विषय त्यांनी हातानेच उडवून लावला. काम करतो, पण नाईक म्हणून करतो, असं म्हणाले. मला नाईक म्हणायचं. अंकल नाय, वॉचमन नाय, मेजर तर नायच नाय. कमिटीने हो म्हटलं. हो म्हणायला कमिटीला कधीच त्रास होत नाही. मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. अकरा जणांच्या हुकमावर मी चालणार नाय. पलटणीत नाईकाला हुकूम हवालदार देतो. तो एकच असतो. तुमच्यात हवालदार कोण?

कमिटीने आठल्यांकडे बघितलं. आठल्यांना ही काहीतरी तांत्रिक बाब वाटली. “मीच समजा,” ते म्हणाले.

दळवी उठले आणि त्यांनी आठल्यांना कडक सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठल्ये बर्म्युडा घालून दूध आणायला खाली उतरले. गेटजवळून गडगडाट झाला, “राम राम, हवालदारसाहेब.” बाल्कन्यांमधून माणसं डोकावली. त्याच आठवड्यात व्याही पत्रिकेचा नमुना घेऊन आले तेव्हाही तोच गडगडाट झाला. व्याह्यांनी वर येऊन मोठ्या अदबीने विचारलं की आपण बँकेच्या आधी पोलिसांत होतात का. व्याही गेल्याबरोबर आठल्यांनी चपला घातल्या. ते खाली गेले आणि दळवींना म्हणाले की ते हवालदार वगैरे सर्वांसमोर नको. दळवींनी विचारलं, हा हुकूम आहे का. हुकूम म्हटला तर आपण हवालदार ठरतो, आणि नाही म्हटला तर दळवी ऐकणार नाहीत, हे आठल्यांच्या लक्षात आलं. ते आल्या पावली वर गेले.

इकडे गेटवर राज्य सुरू झालं होतं.

मेजर असताना दळवींनी कधी कोणाला एक शब्द सुनावला नव्हता. मेजर हा शोभेचा होता. नाईक कामाचा निघाला, आणि कामाच्या माणसाची आम्हाला सवय नव्हती. गाड्या रेषेत लागू लागल्या. रेषेबाहेर टायर गेलं की शिट्टी, आणि ती शिट्टी मालक सापडेपर्यंत थांबत नसे. ओला आणि सुका कचरा एकत्र आला की बादली आली तशी वर जाई. जयंतीबाईंची एका दिवसात तीनदा गेली. राजेशचा सख्खा मावसभाऊ ओळख पटेपर्यंत गेटबाहेर उभा राहिला, आणि ती पटवायला राजेशला टॉवेलवर खाली यावं लागलं. जेवण मागवणाऱ्याने जेवण खाली येऊन न्यायचं असा दंडक निघाला. पिझ्झा आणणाऱ्या मुलांना तो फार आवडला. ती दळवींना सलाम ठोकून जात. रविवारी सकाळी बागेतलं गवत काढायला प्रत्येक घरातून एक माणूस. या प्रकाराला ते फटीग म्हणत. आजवर आम्ही हा शब्द व्हिटॅमिनच्या जाहिरातीत ऐकला होता.

त्यांच्या कारभारात उणीव होती ती फक्त दिशांची. ए विंग कुठे असं विचारलं की ते ठामपणे बी विंग दाखवत. रक्त घ्यायला आलेला लॅबचा माणूस त्यामुळे एका निरोगी गृहस्थाचं रक्त घेऊन गेला. रिपोर्टमध्ये साखर निघाली, तेव्हा ते गृहस्थ दळवींवर दुहेरी रागावले.

आठल्यांचा मुलगा धवल एका मोठ्या कंपनीत टीम लीड होता. त्याने अग्निशमन दलाच्या वाटेवर गाडी लावली. दळवींनी त्याला खाली बोलावलं आणि डिकीतलं जादा चाक काढायला लावलं. चाक खांद्यावर घ्यायचं आणि इमारतीला एक फेरी. धवलने इंग्रजीत विचारलं की हे कोणत्या नियमाखाली.

“नियम साहेब लोकांकडे. माझ्याकडे फक्त हुकूम,” दळवी म्हणाले. “बाएं मुड.”

काय झालं ते धवललाही पुढे नीट सांगता आलं नाही. तो वळला आणि चाक खांद्यावर घेऊन निघाला. सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. फेरी संपल्यावर तो म्हणाला की खांदा दुखतोय, पण शाळेनंतर पहिल्यांदा कोणीतरी मला काय करायचं ते स्पष्ट सांगितलं.

पण ज्यासाठी दळवींनी गेट घेतलं होतं ते काही होईना. नाईक कोणी म्हणेना. ‘अंकल’ला ते ओ देत नसत, ‘वॉचमन’ला देत नसत, चिडून ‘मेजर’ म्हणणाऱ्याकडे तर बघतही नसत. गेट उघडत, पण तोंड उघडत नसत. शेवटी जुन्या काळी बायका नवऱ्याला हाक मारत तशी चंद्रमौळीतली सगळी पुरुषमंडळी त्यांना “अहो, ऐकलं का” अशी हाक मारू लागली. रोज संध्याकाळी वहिनी विचारत, “नाईक म्हणालो कोण?” दळवी बूट काढत आणि मान हलवत.

अखेर एका रविवारी कमिटी गेटवर चालून आली. आठल्ये पुढे, राजेश मागे, जयंतीबाईंच्या हातात नारळाच्या बर्फीचा डबा. बाल्कन्या पुन्हा भरल्या. दळवी हात मागे बांधून, पाय फाकवून ऐकत होते.

बोलणी राजेशने सुरू केली. झालं गेलं विसरा, गेटचा त्रास आता पुरे, एजन्सीचे नवे वॉचमन येतायत. तुम्ही परत पहिल्या रांगेत या. येत्या पंधरा ऑगस्टला दोरी तुम्हीच ओढा. आम्ही पूर्वीसारखं मेजर म्हणू. दळवींनी हात मागेच ठेवले. राजेशला वाटलं भाव कमी पडला. तो कर्नलवर आला. दळवी गेटकडे बघत राहिले. तेव्हा जयंतीबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि ब्रिगेडियर म्हटलं तरी आमची काही हरकत नाही, असं सांगून टाकलं.

“बाई,” दळवी म्हणाले, “माझी एक फीत वाढवायला पलटण दोनदा नाय म्हणाली. तुम्ही बर्फीवर ब्रिगेडियर करता.”

बाल्कनीत कोणीतरी हसलं. अनुपमावहिनी असाव्यात.

राजेशचा संयम सुटला. निदान हे सगळं बंद तरी करा, तो म्हणाला. शिट्ट्या, फटीग, बादल्या, सगळं. दळवी लगेच कबूल झाले. आता बंद करतो. हवालदारसाहेबांनी हुकूम द्यावा. रीतसर, नाव घेऊन.

सगळे आठल्यांकडे वळले.

आठल्यांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. ते बँकेत खरोखरच मोठ्या पोस्टवर होते, पण ती पोस्ट राजभाषा विभागात होती. सारी नोकरी त्यांनी परिपत्रकं काढली. ती सगळ्या शाखांमध्ये जात, फळ्याला टोचली जात आणि उन्हाने पिवळी होत. त्यांच्या हाताखाली एक टायपिस्ट होती, तीही अर्धा दिवस दुसऱ्या खात्यात. घरी जयंतीबाई होत्या. आठल्ये काय म्हणतात याची वाट बघत कोणी थांबलं आहे, असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात आलेला नव्हता. आणि आता समोर एक माणूस टाचा जुळवून, श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. सगळ्या बाल्कन्या बघत होत्या. धवलसुद्धा.

आठल्यांनी शर्ट खाली ओढला. पोट आत घेतलं. त्यांचाही कणा कुठेतरी होता, तो हळूहळू सापडत गेला.

“नाईक दळवी,” ते म्हणाले.

“जी साहेब.” मिशी जरा हलली.

राजेशने पाठीमागून कुजबुजून सांगितलं की आता म्हणा, बंद करा. आठल्यांना ते ऐकू गेलं असावं. ते त्याच्याकडे वळले आणि त्याला नीट वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, आणि मग परत समोर.

“नाईक दळवी, चालू ठेवा.”

दळवींनी सलाम केला. मग गिरकी घेऊन कमिटीकडे तोंड केलं, आणि तिला दोन-दोनच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. बर्फीचा डबा त्यांनी जयंतीबाईंच्या हातातून अदबीने काढून बाकावर ठेवला.

त्या रविवारी गच्चीवरची टाकी कमिटीने स्वतः घासली. आठल्ये शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून सूचना देत होते. त्या कोणीच ऐकत नव्हतं. मग ते नाईकाला सांगू लागले, आणि नाईक सगळ्यांना सांगू लागला.